स्टीलची कढई: ग्रेड, बूड आणि आच

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नवा संसार, घरात माणसं चार. महाद्वार रोडवरून ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांची कढई आणली, तिला तीन महिने झाले. पोहे आणि ऑम्लेट तळाला चिकटतं. आतून पांढरे ठिपके आलेत, मधोमध निळसर झाक दिसते, आणि तळाशी सुईने टोचल्यासारखे चार-पाच बारीक खड्डे पडलेत. दुकानदार ३०४ स्टील म्हणाला होता, पण कढईला चुंबक चिकटतो. मग फसवणूक झाली का? कढई बदलून घ्यावी का? आणि सासूबाईंची जुनी पातेली मोडीत देऊन सगळा संच नवा घ्यावा का?

कढई बदलू नका. चुंबक चिकटतो ते बरोबरच आहे. पांढरे ठिपके आणि निळी झाक दहा मिनिटांत निघते. पोहे चिकटतात ते आचेमुळे. खड्डे मात्र मिठाने पडलेत. ते भरून येणार नाहीत, पण नवे पडणार नाहीत एवढी काळजी घेता येते. मोडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा, त्याकडे शेवटी येऊ.

स्टील घेताना दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. भांडं गंजेल का, मीठ-आंबट सोसेल का, हे ग्रेडवर ठरतं. त्यात स्वयंपाक नीट होईल का, बुडाला लागेल का, हे बुडाच्या जाडीवर आणि बुडात काय भरलंय त्यावर ठरतं. ३०४ चं पातळ पातेलं सहसा गंजणार नाही, पण त्यात पुरण हमखास लागणार. लोक दुकानात ग्रेड विचारतात, घरी येऊन तक्रार बुडाची करतात.

आधी ग्रेड. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की ते स्टेनलेस होतं. हे क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. घासून ओरखडा पडला तरी हवा लागताच पापुद्रा पुन्हा धरतो. पितळेच्या पातेल्याला कल्हई लागायची, स्टीलला लागत नाही, ते या पापुद्र्यामुळे. ३०४ मध्ये क्रोमियम सुमारे १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं, म्हणून त्यालाच १८/८ म्हणतात. १८/१० हे त्याच घरातलं, निकेल जरा जास्त. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेली स्टीलं निघाली: २०१, २०२ आणि बाजारात जे-४ म्हणतात ते. ही भांडी विषारी वगैरे नसतात. ताटं, वाट्या, डाळ-तांदळाचे डबे यांना ती चालतात. पण मीठ, चिंच, टोमॅटो घालून रोज तासभर उकळायचं असेल तर त्यांना डाग आणि खड्डे लवकर पडतात. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतंच. त्याला चुंबक चिकटतो, म्हणून ते इंडक्शनला चालतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला ३०४ पेक्षा चांगलं टिकतं. घरच्या रश्श्यासाठी एवढे जादा पैसे मोजायची गरज नाही. मीठ घालण्याची वेळ सांभाळली तर ३०४ पुरतं.

आता चुंबक. दुकानात चुंबक लावून “बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४” असं सांगतात, ते अर्धसत्य आहे. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने ३०४ आणि ४३० वेगळं कळतं, ३०४ आणि २०२ वेगळं कळत नाही. आणि पैशाचा फरक नेमका त्या दोनांतच असतो. उलटही होतं: अस्सल ३०४ चा पत्रा साच्यात खोल ओढला की काठाशी आणि वळणावर किंचित चुंबकीय होतो, आणि गिऱ्हाईक उगाच बिथरतं. तुमच्या ट्रायप्लाय कढईत तीन थर आहेत. आतला बहुधा ३०४, मधला अॅल्युमिनियमचा आणि बाहेरचा ४३० चा, इंडक्शनवर चालावी म्हणून. चुंबक बाहेरच्या थराला चिकटतो. चांगला जोरकस चुंबक आतून लावलात तरी ओढ जाणवेल, कारण बाहेरचा थर दोन-अडीच मिलिमीटरच्याच अंतरावर असतो. त्यावरून आतला थर ४३० आहे असा निष्कर्ष काढू नका.

मग खात्री कशाने करायची? बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून रश्श्याचं पातेलं घेऊ नका. भांड्यावर आयएसआय चिन्ह बघा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टील आणि अॅल्युमिनियमच्या स्वयंपाकाच्या भांड्यांना हे चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांचं मानक आहे आयएस १४७५६. चिन्हाजवळ सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये घातला की परवाना कोणाचा ते कळतं. याहून पुढे जायचं तर भंगाराच्या आणि फॅब्रिकेशनच्या धंद्यात ड्रॉप टेस्टची बाटली वापरतात. पत्र्यावर एक थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. थेंबाचा डाग राहतो, म्हणून बाहेरून बुडाखालीच करून घ्या आणि लगेच धुवा. ट्रायप्लायला मात्र या चाचणीचा उपयोग नाही, कारण थेंब पडतो बाहेरच्या ४३० वर. “सर्जिकल स्टील”, “जर्मन स्टील”, “फूड ग्रेड” हे शब्द ग्रेड सांगत नाहीत. आकडा मागा.

आता बूड. स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं. अॅल्युमिनियम त्याच्या सुमारे पंधरापट आणि तांबं पंचवीसपट चांगलं नेतं. गॅसची ज्योत बुडाला गोल कड्यासारखी लागते. पातळ स्टीलमध्ये ती उष्णता बाजूला पसरत नाही, कड्याच्या जागीच साचते. पातेल्याच्या तळाला करपल्याचं गोल वळं दिसतं, ते या कड्याचंच. कोणतंही भांडं किती समान तापतं हे घरी बघायचं असेल तर कोरड्या भांड्यात दोन चमचे कणीक पातळ, एकसारखी पसरा आणि मंद आचेवर ठेवा. चांगल्या बुडावर सगळी कणीक जवळजवळ एकदम तांबूस होते. पातळ बुडावर बर्नरच्या कड्याचा छाप उमटतो आणि मधली कणीक पांढरीच राहते. पाच मिनिटांत, फुकटात, आकड्यांपेक्षा जास्त कळतं.

साध्या एकपदरी स्टीलची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे साधारण ०.५५. एकाच मापाची दोन पातेली दोन्ही हातांत घ्या. २० गेजचं २४ गेजच्या दीडपटीहून जड लागतं, हाताला चटकन कळतं. पण एकपदरी स्टील कितीही जाड घेतलं तरी उष्णता फिरवण्यात ते कमीच पडतं, म्हणून आत अॅल्युमिनियम घालायची युक्ती निघाली. ती दोन प्रकारांनी येते. एक म्हणजे सँडविच बूड: पातेलं एकपदरी, पण तळाखाली अॅल्युमिनियमची जाड चकती आणि तिच्यावर स्टीलचं आवरण. दुसरा प्रकार ट्रायप्लाय, यात अॅल्युमिनियम तळापासून काठापर्यंत असतं. तिसरा एक प्रकार दिसायला सुंदर असतो, तो तांब्याच्या बुडाचा. त्यातल्या बहुतेकांवर तांब्याचा मुलामा कागदासारखा पातळ असतो. त्याने उष्णता पसरण्यात काही फरक पडत नाही आणि ते लखलखीत ठेवायचं काम मात्र जन्मभराचं. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

कुठे काय लागतं हे पदार्थावरून ठरवा. तांबडा-पांढरा रस्सा पातळ असतो. तो उकळताना स्वतः फिरतो आणि बुडाची उष्णता वर घेऊन जातो, म्हणून त्याला सँडविच बुडाचं ३०४ चं पातेलं पुरतं. चार माणसं आणि रविवारी आणखी दोन पाहुणे धरले तर पाच लिटरचं घ्या. पुरण, खीर, गुळाचा पाक यांची गोष्ट वेगळी. पुरण जागचं हलत नाही, वर त्यात गूळ. जिथे उष्णता साचेल तिथे ते लागणारच. त्याला सँडविच बुडाचं पसरट पातेलं किंवा ट्रायप्लाय हवं. मटणाचा मसाला परतायला, सुकं करायला कढई ट्रायप्लायच घ्या, कारण कढईत ज्योत बाजूंनाही चाटते. सँडविच बुडाच्या कढईत चकती संपते त्या रेषेच्या वर मसाला हमखास करपतो. चौघांसाठी २४ ते २६ सेंटिमीटर आणि एकूण अडीच ते तीन मिलिमीटर जाडी पुरे. भाकरीला स्टीलचा तवा घेऊच नका. लोखंडाचा किंवा बिडाचाच घ्या. लोणचं स्टीलच्या डब्यात नको, चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच हवं. ग्रेड कोणतीही असो, महिनोन्महिने मीठ-आंबट धरून बसणं स्टीलला सोसत नाही.

दुकानात हातात घेतल्यावर तीन गोष्टी तपासा. बुडावर स्टीलची पट्टी उभी धरा. थंड असताना मधोमध केसभर पोकळी दिसली तर ते बरोबर आहे, तापल्यावर बूड खाली येऊन सपाट बसतं. पण बूड बाहेर फुगलेलं असेल आणि सपाट ओट्यावर भांडं गरगर फिरत असेल तर परत ठेवा. कान कसे जोडलेत ते बघा. रिव्हेटचे कान मजबूत असतात, फक्त आतल्या डोक्यांभोवती मळ साचतो, तो जुन्या दातांच्या ब्रशने काढावा लागतो. नुसत्या स्पॉट वेल्डचे कान पाच लिटर रस्सा उचलताना दगा देऊ शकतात, म्हणून मोठ्या पातेल्याला प्रत्येक कानाशी निदान दोन-तीन टाके आहेत ना ते मोजा. आणि ट्रायप्लायचा काठ बघा. काही भांड्यांच्या काठावर तीन थर उघडे दिसतात, मधली अॅल्युमिनियमची रेघ करडी असते. खरेपणा कळायला ते बरं, पण धुण्याचा सोडा किंवा भांडी धुण्याच्या मशीनची पावडर ती रेघ हळूहळू खाते आणि काठ धारदार होतो. बंद काठाची मिळाली तर ती घ्या.

नवं भांडं घरी आलं की पांढऱ्या कापडाने आतून पुसून बघा, काळं येतं. तो पॉलिशचा मसाला असतो. कोमट पाणी आणि साबणाने धुऊन मग एक लिटर पाण्यात तीन टेबलस्पून व्हिनेगर घालून दहा मिनिटं उकळा, पुन्हा धुवा. स्टिकरचा चिकटा गोडेतेल चोळून दहा मिनिटांनी निघतो. सुरीने खरवडू नका. घरात कोणाला डॉक्टरांनी निकेलची अॅलर्जी सांगितली असेल तर हे लक्षात ठेवा: नव्या ३०४ च्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवला तर पहिल्या काही वेळा निकेल जास्त उतरतं, नंतर कमी होत जातं. अशा घरी पहिले काही दिवस त्यात टोमॅटो-चिंच नको.

आता पोहे का चिकटतात. तापलेल्या धातूला ओला, थंड पदार्थ टेकला की त्यातली प्रथिनं आणि स्टार्च धातूला धरतात. कढई पुरेशी तापलेली असेल आणि मधे तेलाचा थर असेल तर खालची बाजू लगेच सुकते, तिला खरपूस कवच येतं आणि ती आपोआप सुटते. कढई कोमट असेल तर पदार्थ आधी चिकटतो, मग तापतो. फार तापली तर तेल जळून स्वतःच गोंद होतं. नॉनस्टिकची सवय झालेला हात थंड कढईत तेल ओततो आणि दोन्ही एकदमच तापवतो. स्टीलला हा क्रम चालत नाही.

रिकामी, कोरडी कढई मध्यम आचेवर ठेवा. ट्रायप्लायला दोन ते तीन मिनिटं लागतात. बोटं ओली करून पाण्याचे थेंब टाका. थेंब पसरून चर्रकन आटला तर अजून वेळ आहे. थेंब गोळा होऊन, न आटता, पाऱ्यासारखा कढईभर पळायला लागला की समजा पृष्ठभाग १९० अंशांच्या वर गेला. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, म्हणून तो टेकतच नाही. आता पाणी पुसून घ्या आणि आच कमी करा. घाण्याचं शेंगतेल वापरत असाल, आणि कोल्हापुरात बऱ्याच घरी तेच असतं, तर इथे थांबायला हवं. रिफाइंड शेंगतेल सव्वादोनशे अंशांपर्यंत धूर सोडत नाही, पण घाण्याचं तेल १६० च्या आसपासच धुरावतं. म्हणून मंद आचेवर अर्धा ते एक मिनिट जाऊ द्या आणि मग दोन टेबलस्पून तेल घाला. तेल पाण्यासारखं पातळ होऊन त्यावर बारीक तरंग दिसले की बरोबर. घालताक्षणी धूर आला तर कढई खाली उतरवा, दोन मिनिटं थांबा. धुरावलेल्या तेलात पाणी कधीही घालू नका.

पोह्यांत आचेइतकीच चूक पोह्यांचीही असते. भिजवून लगेच टाकले की पाणी तळाला जातं आणि स्टार्चची खळ होते. चाळणीत निदान दहा मिनिटं निथळू द्या. कांदा शिजल्यावर आच अगदी बारीक करा, पोहे घाला, एकदा खालून वर करा आणि झाकण ठेवून वाफेवर सोडा. ऑम्लेटला फ्रिजमधली थंड अंडी नकोत. घातल्यावर कडा स्वतः सुटायच्या आधी उलथणं घालू नका. मटण किंवा चिकन परतताना तुकडे कापडाने टिपून कोरडे करा, कढईत दाटी करू नका आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. तुकडा ओढून निघत नसेल तर तो अजून तयार नाही. जबरदस्तीने ओढलात तर कवच तळाला राहतं आणि मांस वर येतं.

आपल्या स्वयंपाकातली खरी परीक्षा कांदा-लसूण चटणीची. तिखटाची पूड तापलेल्या तेलात क्षणात काळी पडते आणि कडू होते; मग रस्सा कितीही आटवा, कडूपणा जात नाही. ट्रायप्लाय कढई गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, नुसती आच कमी करून ती लगेच निवत नाही. म्हणून चटणी घालायच्या आधी गॅस बंदच करा, अर्धा मिनिट थांबा, चटणी घाला, दोनदा हलवा आणि लगेच पाव वाटी गरम पाणी घाला. मग गॅस पेटवा. तेल सुटून लालभडक कट वर येतो तो असा. खोबरं-कांद्याचं वाटण परतताना तळाला तांबूस थर धरला तर घाबरू नका, तो करपलेला नाही. दोन पळ्या गरम पाणी घालून लाकडी उलथण्याने तो सोडवा आणि रश्श्यात जाऊ द्या. चव त्यातच आहे. काळा झाला असेल तर मात्र सोडवू नका, वरचं तेवढं दुसऱ्या भांड्यात काढा.

दुधाबद्दल विचारलं नाहीत, पण संच घेताना दुधाचं पातेलं असणारच. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं घट्ट म्हशीचं दूध पातळ पातेल्यात लागल्याशिवाय राहत नाही. दुधातली काही प्रथिनं साधारण ७० अंशांनंतर आकसून तापलेल्या तळाला धरतात. दूध जितकं घट्ट, तितका थर जाड. सँडविच बुडाचं पातेलं घ्या. ते आतून विसळा, पुसू नका, तळाला पाव वाटी पाणी राहू द्या आणि त्यावर दूध ओता. आच मध्यमहून कमी ठेवा. मधेच पळीने तळ खरवडू नका. खरवड सुटून दुधात फिरते आणि वास लागतो. लागलंच तर दूध दुसऱ्या भांड्यात काढा, न खरवडता.

आता तुमचे खड्डे. थंड पाण्यात मीठ टाकलं की खडे विरघळायच्या आधी तळाला बसतात. त्या जागी मिठाचं प्रमाण फार वाढतं, मिठातलं क्लोराइड क्रोमियमचा पापुद्रा फोडतं आणि सुईच्या टोकाएवढी जागा आत खाल्ली जाते. एकदा खड्डा पडला की आत ऑक्सिजन पोचत नाही, पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि खड्डा खोल जाऊ शकतो. ३०४ असूनही असं होतं, म्हणून खड्ड्यांवरून स्टील नकली ठरवू नका. उपाय फक्त सवयीचा आहे. पाण्याला उकळी फुटल्यावर मीठ घाला आणि लगेच हलवा. खडे मीठ वापरत असाल तर वाटीत पाण्यात विरघळवूनच घाला. आणि उरलेला रस्सा रात्रभर त्याच कढईत ठेवू नका. कोमट झाला की काचेच्या किंवा दुसऱ्या डब्यात काढा आणि कढईत पाणी घालून ठेवा. आत्ताचे चार-पाच खड्डे स्वयंपाकाला काही अपाय करत नाहीत. घासून घालवायला जाऊ नका. प्रत्येक वेळी धुतल्यावर कढई कोरडी करा, एवढं पुरे.

पांढरे ठिपके म्हणजे पाण्यातला चुना. बोअरचं पाणी जड असेल तर ते आठवड्यात दिसतात. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी पाच मिनिटं उकळा, नाहीतर चिंचेचा कोळ चोळून दहा मिनिटं ठेवा; दोन्हींनी निघतात. निळी-जांभळी झाक म्हणजे जास्त तापल्याने ऑक्साइडचा पापुद्रा जाड झालाय. त्यालाही व्हिनेगर किंवा लिंबाची फोड पुरते, नुसती फिरवून धुवा. ती वारंवार येत असेल तर कढई रिकामी फार वेळ तापते, असा त्याचा अर्थ.

कडेला पिवळट-तपकिरी, बोटाला किंचित चिकट असा थर दिसेल तो तेल जळून झालेला असतो. तीन भाग खाण्याचा सोडा आणि एक भाग पाणी यांचा लेप अर्धा तास ठेवा आणि ओल्या काथ्याने गोल न घासता एका दिशेने घासा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस बघण्यात काही अर्थ नाही. दोघं एकमेकांना मारतात, हाती राहतं खारट पाणी. आधी सोडा, गरज वाटली तर धुऊन मग व्हिनेगर.

काळंकुट्ट करपलं तर पहिली चूक तापलेल्या कढईवर थंड पाणी ओतण्याची होते. थर वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि बूड वाकडं होतं. सँडविच बुडाची तर चकती सुटू शकते. कढई पूर्ण निवू द्या. एक लिटर पाण्यात दोन टेबलस्पून खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं उकळा, गॅस बंद करून निवेपर्यंत तसंच राहू द्या, मग लाकडी उलथण्याने खरवड ढकला. निम्मी निघेल. तेच पुन्हा करा. दुसऱ्या वेळी बहुतेक सगळी निघते, आणि मनगट दुखवण्यापेक्षा हे बरं.

घासणीबद्दल घरोघरी वाद असतात. साध्या तारेच्या घासणीचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि दोन दिवसांनी तेच गंजतात; मग स्टील गंजलं म्हणून बोंब होते. तांबूस ठिपका दिसला की तो ओल्या कापडाने सोडा लावून घासा. निघून खाली गुळगुळीत लागलं तर गंज बाहेरून आलेला होता. निघूनही नखाला खड्डा लागला तर तो भांड्याचा स्वतःचा. रोजच्याला काथ्या किंवा मऊ घासणी आणि साबण पुरतो. चाळलेली चुलीची राख जुन्या ताटांना चालते, आरशासारख्या पॉलिशला नाही. माती-वाळू कशालाच नको. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं फरशी पुसायचं औषध भांड्यांजवळ आणू नका, ते मिठाहून वाईट. ओली भांडी एकात एक घालून ठेवू नका. आणि ठेवलीत, अडकली, तर आपटू नका. आतल्या भांड्यात बर्फाचं पाणी भरा, बाहेरचं कडक पाण्याच्या परातीत ठेवा, दोन मिनिटांत सुटतात. आतलं आकसतं, बाहेरचं फुगतं.

आणि सासूबाईंची पातेली. मोडीचा भाव नव्या भांड्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाही, आणि जुन्यांत बरीच २० गेजची, आजच्या पातळ भांड्यांपेक्षा जड निघतात. प्रत्येकाची कणकेची चाचणी घ्या आणि आतून नख फिरवा. आत गुळगुळीत असतील तर भात, डाळ, अंडी-बटाटे उकडणं, पाणी तापवणं यांना ती वर्षानुवर्षं चालतील. फार खड्डे असलेली कोरड्या धान्याला. कान सुटलेलं एकपदरी पातेलं उद्यमनगरात आर्गॉन वेल्डिंगवर जोडून मिळतं. ट्रायप्लाय आणि सँडविच बुडाला मात्र वेल्डिंग करू देऊ नका, आतलं अॅल्युमिनियम वितळतं. बुडाची चकती सुटून खडखडत असेल, हलवल्यावर आतून पाणी ठिबकत असेल, ते मात्र गॅसवर ठेवू नका. अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन चकती उडू शकते. मोडीत घालायचं ते तेवढंच एक. नवं घ्यायचंच तर आधी दुधाचं सँडविच बुडाचं पातेलं घ्या, नंतर रश्श्याचं पाच लिटरचं. कढई तुमच्याकडे आहेच.